मोबाइलवरील मराठी : लिपी, तंत्रज्ञान आणि नवउद्योग

बीजसंज्ञा : भ्रमणध्वनी, देवनागरी, युनिकोड, कळफलक, नवउद्योग, मराठी

प्रस्तावना

भारतात भ्रमणध्वनी सेवेचा प्रारंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी त्या दिवशी कोलकात्यातून दिल्लीतील केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी बोलून या सेवेचा शुभारंभ केला. ते संभाषण कोणत्या भाषेत झाले, याला तांत्रिकदृष्ट्या काहीच महत्त्व नव्हते. आवाज वाहून नेणारे यंत्र मराठी, बंगाली, इंग्रजी असा भेद करीत नाही. प्रश्न निर्माण झाला तो लोक फोनवर लिहू लागले तेव्हा. लिहिण्यासाठी यंत्राला लिपी ठाऊक असावी लागते, आणि त्या काळच्या फोनला ठाऊक असलेली लिपी रोमन होती. परिणामी ज्या माणसाने आयुष्यात कधी पत्र मराठीखेरीज दुसऱ्या भाषेत लिहिले नव्हते, तोही 'उद्या येतो' एवढा निरोप रोमन अक्षरांत लिहू लागला.

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाख इतकी आहे. एवढ्या मोठ्या समाजाची लिपी मोबाइलवर कशी आली, ती कोणी आणली आणि येताना तिचे काय झाले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. मोबाइलवरील मराठी एकदम अवतरली नाही. ती थराथराने आली. प्रथम अक्षरांचे संकेतन, नंतर पडद्यावरील दर्शन, मग टंकन आणि आता वाणी. यांतील बहुतेक थरांतील उणीव लहान नवउद्योगांनी, म्हणजे ज्यांना आज स्टार्टअप म्हटले जाते त्यांनी, मोठ्या कंपन्यांच्या आधी ओळखली. मात्र मोठ्या कंपनीने तो थर आपल्या प्रणालीत समाविष्ट करताच नवउद्योगाच्या पायाखालची जमीन सरकली. समाविष्ट झालेली देवनागरी ही बहुतांशी हिंदीच्या गरजांपुरती होती, हे या प्रक्रियेचे दुसरे अंग आहे. मराठीच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे.

सत्तर अक्षरांचा हिशेब

लघुसंदेशाच्या म्हणजे एसएमएसच्या रचनेत एका संदेशासाठी १४० बाइट, अर्थात ११२० बिट, इतकीच जागा ठेवलेली आहे. रोमन लिपीतील अक्षरे, अंक व चिन्हे यांच्यासाठी प्रत्येकी ७ बिट पुरतात. ११२० ला ७ ने भागले असता १६० येतात. एसएमएसची प्रसिद्ध १६० अक्षरांची मर्यादा ती हीच. देवनागरी अक्षरे त्या ७ बिटांच्या संचात बसत नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येकी १६ बिट वापरावे लागतात आणि मर्यादा थेट ७० वर येते. इंग्रजी संदेशात एकच देवनागरी अक्षर घातले तरी संपूर्ण संदेश १६ बिटांच्या पद्धतीत जातो. लांब संदेशाचे तुकडे पडतात तेव्हा प्रत्येक तुकड्यात देवनागरीची केवळ ६७ अक्षरे मावतात, कारण काही जागा तुकडे परत जोडण्याच्या माहितीसाठी खर्च होते.

येथे 'अक्षर' हा शब्दही फसवा आहे. वाचकाला 'महाराष्ट्र' या शब्दात म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरे दिसतात. संगणकाच्या हिशेबी ती दहा आहेत : म, ह, काना, र, काना, ष, हलन्तचिन्ह, ट, हलन्तचिन्ह आणि र. म्हणजे ७० ची मर्यादा प्रत्यक्षात आणखी आखूड होते. ज्या काळी प्रत्येक संदेशाला पैसे मोजावे लागत, त्या काळी देवनागरीत लिहिणारा मनुष्य तोच मजकूर पाठविण्यास दुप्पट किंवा त्याहून अधिक खर्च करीत असे. मराठी तरुण रोमन लिपीत लिहितात याचे खापर नेहमी त्यांच्या भाषाप्रेमावर फोडले गेले. हा साधा भागाकार त्या चर्चेत क्वचितच आला.

वास्तविक संकेतनाच्या क्षेत्रात भारतातील काम मोबाइलच्या आगमनापूर्वीच झालेले होते. भारतीय लिप्यांसाठीचे जिस्ट तंत्रज्ञान आयआयटी कानपूर येथे सुरू झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत विकसित झाले. इस्की हे भारतीय लिप्यांचे संकेतमानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली व तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. देवनागरीला १२८ स्थानांचा एक विभाग मिळाला. तेव्हा अडचण मानकाची नव्हती. मानक फोनपर्यंत पोहोचत नव्हते.

मोडलेली अक्षरे

संकेत पोहोचला म्हणजे अक्षर दिसलेच असे नाही. देवनागरीत साठवणीचा क्रम आणि दिसण्याचा क्रम भिन्न असतो. 'कि' लिहिताना आधी क आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी साठविली जाते, पण पडद्यावर वेलांटी आधी दिसावी लागते. 'अर्क' मधील र साठवणीत क च्या आधी येतो आणि दिसताना क च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. जोडाक्षरात दोन व्यंजनांचे एकच रूप तयार व्हावे लागते. हे काम करणारा प्रणालीचा भाग फोनमध्ये नसेल तर वेलांट्या चुकीच्या बाजूला जातात आणि जोडाक्षरे पाय मोडलेल्या अवस्थेत सुटी पडतात. फॉन्टच नसेल तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. अँड्रॉइडच्या आरंभीच्या फोनवर मराठी मजकुराची हीच अवस्था होती. २०११-१२ च्या सुमारास आलेल्या आवृत्त्यांपासून ती सुधारत गेली.

नोकियाने याआधी २००० मध्ये भारतात हिंदी मेन्यू असलेला फोन आणला होता आणि २००३ च्या ११०० या स्वस्त व टिकाऊ फोनने ही कंपनी खेड्यापाड्यांत पोहोचली. तथापि मेन्यू देशी भाषेत असणे ही एक गोष्ट आणि कोणताही मजकूर त्या भाषेत वाचता येणे ही दुसरी. या दुसऱ्या गरजेत काहींना उद्योगाची संधी दिसली. नोकियात काम केलेल्या उमेश कुलकर्णी आणि चंद्रशेखर सोहोनी यांनी २००९ मध्ये न्यूजहंट सुरू केले. साध्या फोनवर देशी भाषांतील वृत्तपत्रे वाचता यावीत, हा त्याचा हेतू होता. २०१२ मध्ये ते वर्से इनोव्हेशन या कंपनीकडे गेले आणि पुढे डेलीहंट या नावाने परिचित झाले. बंगळुरूच्या रेव्हरी या कंपनीची स्थापनाही २००९ चीच. फॉन्ट, अक्षरजुळणी व लिप्यंतर यांची तयार व्यवस्था फोन आणि ॲप बनविणाऱ्यांना पुरविणे हा तिचा व्यवसाय होता. २०१९ मध्ये तिचे बहुसंख्य भागभांडवल रिलायन्स समूहाने घेतले.

या दोन उद्योगांची पुढची वाटचाल वेगळी झाली, पण त्यांचा आरंभ एकाच उणिवेतून झाला. फोनची कार्यप्रणाली स्वतःच देवनागरी नीट दाखवू लागल्यावर केवळ 'मराठी दिसते' या गुणावर कोणाचेही दुकान चालणे शक्य नव्हते. न्यूजहंटला बातम्यांच्या व्यवसायात उतरावे लागले आणि रेव्हरीला भाषांतर व वाणी या पुढच्या थराकडे वळावे लागले.

कळफलकाचा प्रश्न

बारा कळांच्या फोनवर देवनागरी लिहिणे हा संयमाच्या परीक्षेचा विषय होता. इंग्रजीत एका कळेवर तीन किंवा चार अक्षरे असतात. देवनागरीत स्वर, व्यंजने आणि मात्रा मिळून एका कळेवर त्याहून कितीतरी अधिक चिन्हे येतात आणि एका अक्षरासाठी तीच कळ पाच-सहा वेळा दाबावी लागते. इंग्रजीसाठी यावर टी-नाइन नावाची शब्दानुमानाची पद्धत निघाली होती. प्रत्येक कळ एकदाच दाबायची आणि कोणता शब्द अभिप्रेत आहे हे यंत्राने शब्दकोशावरून ताडायचे, असे तिचे तत्त्व होते. ज्या भाषेत शब्दाला प्रत्यय लागून लागून त्याची रूपे वाढतात, तेथे हे तत्त्व अपुरे पडते. 'घर' पासून घराने, घराला, घरातल्या, घरातल्यांनासुद्धा अशी रूपे होणार. कोणत्याही छोट्या कोशात ती सर्व मावणे अशक्य.

स्पर्शपडद्याचे फोन आले आणि कळफलकाचा आकार सॉफ्टवेअरने ठरू लागला. नवउद्योगांना मोठे क्षेत्र मोकळे झाले ते यामुळे. परदेशात स्वाइप आणि स्विफ्टकी या कळफलकांनी नाव मिळविले. स्वाइप २०११ मध्ये न्युअन्स या कंपनीने विकत घेतले व २०१८ मध्ये ते बंद झाले. स्विफ्टकी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेले. भारतात बंगळुरूच्या टॅकिऑन या कंपनीने क्विलपॅड ही लिप्यंतर पद्धत २००६ च्या सुमारास संगणकासाठी आणली होती. रोमन कळांनी शब्द लिहायचा आणि यंत्राने त्याचे देवनागरी रूप सुचवायचे, हा तिचा मार्ग पुढे मोबाइलवरही रूढ झाला.

याच्या अगदी उलट दिशेने गेलेला एक प्रयत्न मुंबईचा आहे. आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरने २०१३ मध्ये 'स्वरचक्र' हा कळफलक विनामूल्य उपलब्ध केला. त्याची मांडणी शाळेत शिकविल्या जाणाऱ्या वर्णमालेचीच आहे : क वर्ग, च वर्ग, ट वर्ग याच क्रमाने व्यंजने. व्यंजनावर बोट ठेवले की त्याच्याभोवती का, कि, की, कु, कू अशी बाराखडी चक्राकार उमटते आणि हव्या त्या रूपाकडे बोट सरकविले की अक्षर तयार होते. ज्याला इंग्रजी कळफलक ठाऊक नाही, पण चौथीपर्यंत मराठी शाळा झालेली आहे, अशा व्यक्तीसाठी यापेक्षा सरळ पद्धत क्वचितच सुचेल.

तरीही प्रचारात आघाडीवर राहिले ते लिप्यंतर. याचे कारण गुणवत्तेत शोधण्यापेक्षा वापरणाऱ्यांच्या क्रमात शोधणे योग्य ठरेल. स्मार्टफोन प्रथम ज्यांच्या हाती आला त्यांची बोटे इंग्रजी कळफलकाला सरावलेली होती. पुढे गूगलचा भारतीय भाषांचा कळफलक नव्या फोनमध्ये आधीपासूनच बसविलेला येऊ लागला. जे विकत किंवा शोधून घ्यावे लागत नाही, त्याच्याशी स्पर्धा करणे कोणत्याही लहान उद्योगाला कठीणच. कळफलकाबाबत आणखी एक मुद्दा आहे : मनुष्य फोनवर जे काही लिहितो ते सर्व, संकेतशब्द आणि खासगी पत्रे यांसह, कळफलकाच्या सॉफ्टवेअरमधून जाते. ते कोणाचे आहे, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही.

शासनानेही या क्षेत्रात लक्ष घातले. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये भारतीय मानक १६३३३ च्या तिसऱ्या भागाला अनिवार्य स्वरूप दिले. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलवर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे, अशी ही अट होती. १ जुलै २०१७ ही मूळ मुदत नंतर वाढविण्यात आली. वाचनाच्या दृष्टीने हा नियम निश्चितच उपकारक ठरला. लेखनाच्या बाबतीत मात्र हिंदी अनिवार्य आणि मराठी 'आणखी एक' या गटात, अशी वर्गवारी त्यात आपोआप झाली.

इंडस : एका नवउद्योगाची वाटचाल

या सर्व घडामोडी एकाच उदाहरणात पाहायच्या असतील तर इंडस ओएसचा इतिहास पाहावा. राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि सुधीर बी. या आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी मुंबईत ही कंपनी उभारली. त्यांचे निदान मूलगामी होते. एखादे मराठी ॲप किंवा मराठी कळफलक देऊन भागणार नाही. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठी संपूर्ण फोनच त्याच्या भाषेत असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून त्यांनी अँड्रॉइडच्या पायावर स्वतःची कार्यप्रणाली तयार केली. आरंभी तिचे नाव फर्स्टटच होते. २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ या फोनवर आली. आलेल्या संदेशावर बोट एका दिशेने सरकविले की त्याचे भाषांतर व्हावे, दुसऱ्या दिशेने सरकविले की लिप्यंतर व्हावे, ही तिची खास सोय होती. ॲप मिळविण्याचे दुकानही तिचे स्वतःचे, देशी भाषांतील आणि ईमेल खात्याची सक्ती नसलेले होते. ज्याने कधी ईमेल वापरला नाही त्याच्याकडे ॲप घेण्याआधी ईमेल मागणे, ही अडचण मोठ्या कंपन्यांच्या ध्यानात आलेली नव्हती.

प्रतिसाद चांगला मिळाला. काउंटरपॉइंट या बाजारपाहणी संस्थेने त्या सुमारास इंडसला भारतातील स्मार्टफोन प्रणालींमध्ये ॲपलच्या आयओएसच्या पुढे, दुसऱ्या क्रमांकावर नोंदविले. परंतु या यशाचा आधार मायक्रोमॅक्ससारखे भारतीय फोन उत्पादक होते. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची फोर-जी सेवा सुरू झाली, मागणी फोर-जी फोनकडे वळली आणि शाओमी, व्हिवो, ओप्पो या चिनी कंपन्यांनी बाजार व्यापला. त्यांच्या फोनवर त्यांची स्वतःची प्रणाली होती. भारतीय उत्पादक मागे पडले आणि त्यांच्यासोबत इंडसचा मूळ व्यवसायही गेला. गुणवत्तेत हार झाली असे म्हणता येत नाही. ज्या फांदीवर घरटे होते ती फांदीच तुटली.

यानंतर कंपनीने प्रणाली बाजूला ठेवून ॲपच्या दुकानावर भर दिला व सॅमसंगशी सहकार्य केले. २०२१ मध्ये फोनपेने ती विकत घेण्याचे जाहीर केले. गुंतवणूकदारांच्या वादामुळे तो व्यवहार काही काळ रखडला, पण अखेर कंपनी फोनपेकडे गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये फोनपेने इंडस ॲपस्टोअर सुरू केले. इंग्रजीसह १२ भारतीय भाषांत ते चालते आणि मराठी त्यांपैकी एक आहे.

अँड्रॉइडची मूळ संहिता कोणालाही वापरता येते हे खरे. पण फोनवर कोणते ॲप आधीपासून असावे आणि दुकान कोणाचे असावे, हे करारांनी ठरते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये याच प्रथांबाबत गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे काही निर्देश रद्द केले. देशी भाषांतील फोनचा प्रश्न भाषाशास्त्राच्या वर्गातून निघून स्पर्धा कायद्याच्या दालनात पोहोचला तो असा.

आशयाच्या क्षेत्रातील नवउद्योगांचा येथे ओझरता उल्लेख पुरे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या शेअरचॅटने देशी भाषा हाच आपल्या समाजमाध्यमाचा पाया मानला. २०२० चे कू हे लघुलेखनाचे माध्यम जुलै २०२४ मध्ये बंद पडले. केपीएमजी आणि गूगल यांच्या २०१७ च्या अहवालाने २०१६ मध्ये भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे २३.४ कोटी, तर इंग्रजीतून वापरणारे १७.५ कोटी असल्याचे नोंदविले होते. या आकड्यांनी अनेकांना उत्साह दिला. वापरणाऱ्यांची संख्या आणि त्यांच्यापासून मिळणारे जाहिरातीचे उत्पन्न यांतील अंतर पुढे अनुभवाने कळले.

देवनागरी एक, भाषा दोन

मराठी आणि हिंदी यांची लिपी एक आहे, हे विधान स्थूलमानाने बरोबर आहे. तपशिलात गेल्यास ते अपुरे ठरते, आणि मोबाइलवरील मराठीच्या अडचणी या तपशिलातच दडलेल्या आहेत.

'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द घ्यावेत. पहिल्याचा अर्थ समुद्र, दुसरा दरी या शब्दाचे अनेकवचन. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात य च्या पोटाशी आलेली आडवी, चंद्रकोरीसारखी रेघ. आधुनिक हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज पडत नाही. मराठीचे मात्र त्याच्यावाचून पानही हलत नाही. वाऱ्याने, शेतकऱ्यांना, तऱ्हा, सातारकऱ्यांचा : कोणत्याही बातमीत असे शब्द पावलोपावली येतात. युनिकोडमध्ये हे रूप दोन प्रकारे लिहिता येते. साध्या र ला हलन्तचिन्ह आणि त्यापुढे न दिसणारे, शून्य रुंदीचे जोडचिन्ह लावून, किंवा खाली नुक्ता असलेल्या ऱ या वेगळ्या संकेतापासून. पडद्यावर दोन्ही एकसारखेच दिसतात. साठवणीत ते वेगळे असतात. एका फोनवर पहिल्या पद्धतीने लिहिलेले 'शेतकऱ्यांना' दुसऱ्या पद्धतीने शोधले असता, शोधयंत्राने मुद्दाम काळजी घेतलेली नसेल तर, सापडत नाही. लिप्यंतराच्या कळफलकावर तर रोमन अक्षरांत दर्या आणि दऱ्या यांच्यात भेदच उरत नाही. यंत्र जो अंदाज करील तो.

'ॲ' चीही कथा अशीच. ॲप, ॲसिड, ॲडव्होकेट असे शब्द लिहिण्यासाठी मराठीला लागणारे हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ च्या ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवीत, व अनेक कळफलक आजही तसेच करतात. परिणामी एकाच शब्दाची दोन लेखने माहितीसाठ्यात नांदत आहेत. एखाद्या ग्रंथालयाची सूची किंवा लाभार्थ्यांची यादी फोनवरून भरली जाते तेव्हा हा भेद केवळ शुद्धलेखनाचा राहत नाही. नाव यादीत असूनही यंत्र 'नाही' असे उत्तर देते.

ल आणि श यांच्या वळणाचा प्रश्न डोळ्यांना थेट दिसणारा आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना पाकळीयुक्त 'ल' आणि शेंडीफोड्या 'श' ही मराठी वळणे स्वीकारली. पाठ्यपुस्तकात मूल जो ल गिरविते तो हा. युनिकोडच्या दृष्टीने मात्र ल एकच. त्याचे वळण हा फॉन्टचा विषय. फॉन्टमध्ये दोन्ही वळणे ठेवण्याची आणि भाषा मराठी असल्यास मराठी वळण दाखविण्याची व्यवस्था ओपनटाइप या तंत्रात आहे. ती चालण्यासाठी फॉन्टकाराने दुसरे वळण रेखाटलेले असावे लागते आणि मजकूर मराठी आहे हे ॲपने प्रणालीला सांगावे लागते. या साखळीतील एक कडी निसटली की हिंदी वळण उमटते, आणि सर्वसाधारण फोनवर बहुधा तेच उमटते. मराठी शाळेतील मुलाने वहीत काढलेला ल आणि त्याच्या आईच्या फोनवरचा ल वेगळा, ही स्थिती कोणी जाणीवपूर्वक ठरविली नाही. कोणी ठरविले नाही म्हणूनच ती टिकली.

वर्णक्रमाचेही असेच आहे. मराठी वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. नावांची यादी केवळ संकेतांच्या क्रमाने लावली तर क्षितिज 'क' मध्ये आणि ज्ञानेश्वर 'ज' मध्ये जाऊन बसतो. मराठीचा योग्य क्रम सांगणारे नियम आंतरराष्ट्रीय माहितीसंचात उपलब्ध आहेत. फोनची भाषा मराठी निवडलेली असेल आणि ॲपने ते नियम वापरले असतील तर यादी बरोबर लागते. परंतु कित्येक मराठी भाषक फोनची भाषा इंग्रजीच ठेवतात. एखाद्या लहान उद्योगाने या चारही बाबींची एकत्रित चाचणी करणारे साधन बनविले, तर ते कोणत्याही नव्या मराठी ॲपहून अधिक उपयोगी ठरेल.

लिहिण्याकडून बोलण्याकडे

ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठीसह आठ भारतीय भाषांची भर घातली. कळफलकाचा तिढा एका अर्थी ओलांडला गेला. भ्रमणध्वनी पुन्हा आवाजाकडे आला; फरक इतकाच की आता यंत्र आवाज केवळ वाहून नेत नाही, ते तो समजून घेऊ पाहते. त्यामुळे १९९५ मध्ये गौण असलेला भाषेचा प्रश्न येथे मध्यवर्ती होतो. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द ऐकून १.२५, १.५, १.७५, २.५ असे आकडे मांडता आले नाहीत, तर बाजार समितीतील व्यवहारासाठी ते यंत्र निरुपयोगी आहे.

या थरात आरंभापासून सार्वजनिक संस्थांचा सहभाग आहे, ही बाब आधीच्या थरांपेक्षा वेगळी आहे. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये भाषिणी हा उपक्रम सुरू केला व भाषांतर आणि वाणी यांची साधने नवउद्योगांना खुली केली. आयआयटी मद्रासच्या एआय-फोर-भारत या गटाने भारतीय भाषांची प्रारूपे व नमुनासंग्रह मुक्तपणे उपलब्ध करून दिले. त्याच परिवारातून २०२३ मध्ये बंगळुरूची सर्वम ही कंपनी निघाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या वाणी प्रकल्पाने तर भाषेऐवजी जिल्हा हे एकक मानून देशातील सर्व जिल्ह्यांतून बोलण्याचे नमुने गोळा करण्याचे ठरविले. हा विचार विशेष उल्लेखनीय आहे, कारण सांगली आणि भंडारा यांची मराठी एका नमुन्यात बसत नाही.

जुना भागाकार मात्र नव्या रूपात परत आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषिक प्रारूपे मजकुराचे लहान तुकडे करून तो वाचतात आणि सेवेचे शुल्क सामान्यतः या तुकड्यांच्या संख्येवर आकारले जाते. ज्या तुकडेपद्धती मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून घडविल्या जातात, त्यांत देवनागरी शब्दाचे चूर्ण होते. ओपनएआयने मे २०२४ मध्ये नवे प्रारूप प्रसिद्ध करताना दिलेल्या उदाहरणात एकाच आशयाच्या मजकुराचे जुन्या पद्धतीने इंग्रजीत २७, तर मराठीत ९६ तुकडे होत होते. नव्या पद्धतीत ते अनुक्रमे २४ आणि ३३ झाले. म्हणजे तोपर्यंत मराठी ॲप चालविणारा नवउद्योजक तेवढ्याच कामासाठी साडेतीन पटींहून अधिक तुकड्यांचे मोल देत होता. १६० विरुद्ध ७० या जुन्या प्रमाणापेक्षा हे प्रमाण अधिक विषम होते. ते सुधारले कसे, हेही पाहण्यासारखे आहे : तुकडेपद्धती बनविणाऱ्या कंपनीने ती बदलली तेव्हा. मराठीत सेवा देणाऱ्या उद्योजकाच्या हाती त्यातले काहीच नव्हते.

वाणीच्या थरात बोलींचा प्रश्न यापुढे अधिक तीव्र होईल. लिपीच्या थरात वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी यांना वेगळी वागणूक लागत नव्हती. देवनागरी आली की त्या लिहिता येत होत्या. बोलणे ओळखणाऱ्या यंत्राला मात्र प्रत्येकीचे स्वतंत्र नमुने लागतात. २०११ च्या जनगणनेत अहिराणीची नोंद खानदेशी या भाषेखाली केलेली आहे आणि त्या भाषेचे भाषक १८ लाखांहून अधिक आहेत. ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांत विकला जाणारा प्रत्येक फोन २२ भाषांचे मानक पूर्ण करतो, आणि अहिराणी बोलणाऱ्या व्यक्तीला त्या फोनशी बोलायचे असेल तर प्रमाण मराठीत बोलावे लागते.